अडीचची बस

वर्ध्याची ती टॉकीज पाडत आहेत हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. पाडणाऱ्या माणसांना चहा पाजावा इतकं बरं वाटलं. नालवाडीहून ऑटो करून मी मुद्दाम पाहायला गेले, तेही दुपारी बारा वाजता, जेव्हा तिथे पहिला खेळ सुरू व्हायचा. पडद्यामागची भिंत तेवढी अजून उभी होती. बाल्कनीचा लोखंडी जिना अर्धवट लोंबत होता आणि विटांच्या ढिगावर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. मी ओळखीचं काहीतरी शोधत राहिले. मग माझ्याच लक्षात आलं की मला इथलं काही ओळखू यायचं कारण नाही, कारण या टॉकीजच्या आत मी आयुष्यात एकदाही पाय ठेवलेला नाही.

तरी इथे लागलेले कितीतरी सिनेमे मला तोंडपाठ आहेत. खुनाचे, भुताचे, कोर्टाचे, डाकूंचे. ते मला काकूने सांगितले. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी त्या बाईचे उपकार मानत होते. आता तिचं नाव निघालं की अंगाचा तिळपापड होतो, आणि तो व्हावा असंच मला वाटतं. राग विझू नये म्हणून मी अधूनमधून स्वतःच फुंकर घालते. टॉकीज पाहायला गेले तीही त्यासाठीच.

आमचं माहेर पवनारचं. धाम नदीच्या काठाला आमचा भाजीपाल्याचा मळा होता. मेथी, पालक, सांबार, चवळीची भाजी. पुण्यामुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबार. सकाळी सहाच्या बसने काकू दोन डाल्या घेऊन वर्ध्याच्या गुजरीत जाऊन बसायची, भाजी विकायची आणि दुपारी परत यायची. घरातल्या बायांपैकी तीच जाणार हे लग्न होऊन आल्या वर्षीच ठरलं होतं, कारण ती हिंगणघाटची. गिरणीच्या भोंग्यावर उठलेली, शहरात वाढलेली, चार माणसांत बोलायला न लाजणारी. भाजी अकराच्या आत संपली तर त्या दिवशी काकू बाराच्या खेळाला शिरायची. बाराला जुने सिनेमे लागत. रिकाम्या डाल्या गेटवरच्या माणसाकडे ठेवायची आणि त्याच्यासाठी मेथीची एक जुडी राखून ठेवायची. आजोबांना हे माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्याचं ते दाखवायचे. आमच्या घरात या दोन्हींचा अर्थ एकच होता.

तीनच्या सुमाराला काकू घरी यायची. मी शाळेतून आलेली असले तर मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं की आज पिक्चर झालेला आहे. ती उभ्या उभ्या भाकरी खायची, पाय धुवायची आणि कुठेतरी दुसरीकडेच पाहत असायची. माझा जीव टांगणीला लागायचा. मी विचारलं तर एकच उत्तर मिळायचं.

"चार वाजू दे. जुड्या बांधतानी सांगीन."

चार वाजता विहिरीजवळच्या निंबाखाली ओलं पोतं अंथरायचं. त्यावर उपटून आणलेली भाजी. तिचा वास मी आज कुठेही ओळखेन. मेथीचा कडसर, सांबाराचा हिरवागार, मुळांना लागलेल्या चिखलाचा आणि केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, थोडा आंबूस. त्या सोपाच्या वाद्या काढून पाण्यात भिजत घातलेल्या असायच्या आणि त्यांनी जुड्या बांधायच्या. आई, मी, शेजारच्या दोघी बाया आणि काकू. आमच्यात एक नियम होता. तो कोणी घातला माहीत नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. सांगणाऱ्याने जुडी बांधायची नाही. तिच्या वाट्याच्या जुड्या बाकीच्यांनी बांधायच्या. सांगणाऱ्याच्या हाताला भाजी लागली की गोष्ट नासते, असं म्हणत. म्हणून पिक्चरच्या दिवशी काकू हात मांडीवर ठेवून महाराणीसारखी बसायची आणि आमच्या बोटांना चिरा पडायच्या.

सिनेमांची नावं आम्हाला कधी लागलीच नाहीत. आमच्या घरात त्यांची घरगुती नावं होती. पैंजणाचा पिक्चर म्हणजे कोरड्या विहिरीतल्या भुताचा. टोपीचा पिक्चर म्हणजे ज्यात न्यायाधीश स्वतःच गुन्हेगार निघतो आणि टोपीवरून सापडतो. घोड्याचा म्हणजे डाकूंचा. पंख्याचा पिक्चर सगळ्यांत जुना. एका हवेलीत छताला झालरीचा पंखा, तो दोरीने ओढायचा. आंधळी मालकीणबाई, गोडबोल्या दिवाणजी, आणि एका दुपारी मालकिणीचा मुलगा पलंगावर मेलेला सापडतो. काकू तो पंखा तोंडाने वाजवायची. कर्र, थांबायची, कर्र. शेजारच्या बायांचे हात हवेत राहायचे. आई ओरडायची, "हात चालू द्या, बायांनो, मेथी सुकून राह्यली." मग हात चालायचे, पण कान काकूकडेच.

आणि शेवट. शेवटचा ढीग उरला की काकू शेवट काढायची, त्याच्या आधी नाही. शेवटाआधी ती उठायची. विहिरीवर जाऊन पाणी प्यायची, अंबाडा सोडून पुन्हा घालायची, जरा वेळ विहिरीत पाहत उभी राहायची. आम्हाला वाटायचं, बाई नखरा करते. शेजारीण म्हणायची, "काऊन वं, पाणी पेऊन येतपर्यंत मुडदा उठून बसते का?" काकू हसायची नाही. परत येऊन बसायची आणि शेवट सांगायची, आणि तो ऐकताना माझ्या हातातली जुडी कितीदा तरी सुटून मांडीवर पडायची. पंख्याच्या पिक्चरमध्ये आंधळ्या म्हातारीला पंख्याच्या आवाजावरून कळतं की त्या दुपारी दोरी ओढणारा हात नेहमीचा नव्हता. ती कोणाला काही बोलत नाही. एके दिवशी दिवाणजीलाच म्हणते, गडी आजारी आहे, जरा पंखा ओढ बापू. तो ओढतो. ती आवाज ऐकते. त्या रात्रीच्या दुधात ती काय घालते ते काकूने कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की पंखा थांबला आणि म्हातारी म्हणाली, आता मले झोप येईन.

ही गोष्ट मी माझ्या लेकीला सांगितली. तिने तिच्या मैत्रिणींना सांगितली. सिनेमा मी आता आता पाहिला.

मी कितीदा म्हटलं, काकू, मलाही एकदा घेऊन चल. हट्ट केला, रुसून बसले, एकदा जेवलेही नाही. "तुले कायले पाह्यजे? मी सांगीन ना," एवढंच ती म्हणायची. मला वाटायचं तिला तो आनंद एकटीला हवाय. आप्पलपोटी मेली, असं मी आईला म्हटलं होतं आणि आईने माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

बारावीनंतर मी नागपूरला नर्सिंगचा फॉर्म भरला. भरला म्हणजे, शाळेतल्या बाईंनी भरायला लावला. उन्हाळा उतरता उतरता पत्र आलं की निवड झाली, अमुक दिवशी हॉस्टेलात हजर व्हा. बाबा ते पत्र दोन दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडले, दिसेल त्याला दाखवत. तिसऱ्या दिवशी वर्ध्याहून पत्र्याची पेटी घेऊन आले. हिरवी, झाकणावर पिवळ्या रंगाची फुलं, कडीला छोटंसं कुलूप. पेटी समोरच्या खोलीत ठेवली आणि येणाराजाणारा तिला हात लावून जाऊ लागला. आई म्हणाली, "जावंसं वाटते तं जा. नाई वाटत तं नको जाऊ." मला कोणीही अडवलं नाही. हे मी नीट सांगून ठेवते, कारण आता दोष द्यायला मी निघाले आहे.

त्याच आठवड्यात काकूने पेटीचा पिक्चर सांगितला.

एक पोरगी. बाप नाही, आई आजारी. मोठ्या शहरात नोकरी लागली म्हणून एकटी आगगाडीने निघाली. हातात हिरवी पेटी. डब्यात समोर काळा चष्मा घातलेला माणूस. तो बोलत नाही. ती पाणी प्यायला उतरते, तो उतरतो. ती डबा बदलते, पुढच्या स्टेशनावर तो त्या डब्यात चढतो. एक म्हातारी तिला पुऱ्या देते आणि पुढच्या स्टेशनावर म्हातारीही उतरून जाते. डबा रिकामा. बोगदा येतो. काकूने बोगदा सांगितला तेव्हा चार वाजताच्या उन्हात, भर निंबाखाली, शेजारणीने पदर तोंडाशी धरला होता. मग काकू उठली, विहिरीवर गेली, पाणी प्याली. त्या दिवशी ती फार वेळ उभी राहिली. परत आली, बसली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "शेवटचं टेशन आलं. डब्बा खाली झाला. हमालानं हिरवी पेटी उतरवली. पेटी आली, पोरगी नाई आली."

 माझ्यासमोर सांबाराचा ढीग होता आणि त्यातल्या एका काडीवर एक हिरवा किडा चालत होता. मी तो किडा कडेला जाईपर्यंत पाहत बसले.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, मले नाई जायचं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. पिक्चर ऐकून भ्याले असं कोणत्या तोंडाने सांगणार? बाबांनी पत्र पुन्हा खिशात ठेवलं आणि पुढे बरेच दिवस ते कोणाला दाखवलं नाही. पेटीत आईने गोधड्या भरल्या. तीन वर्षांनी त्याच पेटीत माझ्या साड्या भरून मला नालवाडीला दिली. आठ किलोमीटर. बसने पंधरा-वीस मिनिटं. बोगदा लागत नाही.

नवरा वाईट नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर लोक भलतंच समजतात. संसार झाला, लेक शिकली, पुण्याला गेली. ती पहिल्यांदा एकटी गाडीत बसली तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. आणि इतकी वर्षं मनाच्या तळाशी मी एक गोष्ट धरून होते की मी वाचले. वर्तमानपत्रात कुठल्या पोरीची बातमी आली की मी म्हणायची, काकू होती म्हणून. सणावाराला पवनारला गेले की तिच्या पाया जरा जास्त वाकून पडायची. ती डोक्यावर हात ठेवायची आणि मला वाटायचं, आपल्या दोघींनाच माहीत आहे.

दोन महिन्यांपूर्वी लेक घरी आली होती. माझ्या मोबाइलवर तिने जुन्या सिनेमांचं काहीतरी लावून दिलं. "आई, तुझे ते पंखा-पेटी शोध यात," म्हणाली. नावं माहीत नव्हती, तर तिने मला गोष्ट विचारली, ती टाइप केली आणि सापडले की. पंख्याचा आधी पाहिला. त्यात शेवटी एक इन्स्पेक्टर येतो, जो आधी कुठेच नसतो. तो दहा मिनिटं उभा राहून भाषण देतो की दिवाणजीनेच इस्टेटीसाठी मारलं. दिवाणजीला बेड्या घालतात. म्हातारी कोपऱ्यात बसून रडते, तिला एक वाक्यही नाही. मग गाणं. मी म्हटलं हा दुसरा असेल. पण पंखा तोच होता, कर्र, थांबणं, कर्र.

मग पेटीचा लावला. दुपारची वेळ, नवरा झोपलेला, मी ओट्याशी उभी. पोरगी आली, आगगाडी आली, काळा चष्मा आला, पुऱ्या देणारी म्हातारी आली. सगळं काकूने सांगितल्यासारखं, शब्दाला शब्द. फक्त एक. सिनेमा काळा-पांढरा होता. आणि पोरीच्या हातात पत्र्याची पेटी नव्हतीच, पट्ट्याची चामडी बॅग होती. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण बोगदा आला. बोगद्यानंतर काळ्या चष्म्याचा माणूस चष्मा काढतो. तो तिच्या मेलेल्या बापाचा दोस्त असतो, आईनेच त्याला लपून पाठवलेलं असतं, पोरगी सुखरूप पोचेपर्यंत नजर ठेव म्हणून. शेवटचं स्टेशन येतं. तो दुरून हात करून निघून जातो. पोरगी फलाटावर उतरते. बॅग खाली ठेवते, टपरीवाल्याकडून चहा घेते आणि पिते. गर्दी चाललेली असते आणि ती सावकाश, फुंकर मारून मारून, एकटी चहा पिते. त्यावरच समाप्त.

माझं दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि ती चहा पिण्याची जागा पुन्हा लावली. चार वेळा पाहिली.

सिनेमावर प्रेम आहे म्हणणारी माणसं मला आता आवडत नाहीत. थरार, कलाटणी, श्वास रोखून धरणं, हे शब्द वाचले की मला चीड येते. कोणाचा तरी श्वास खरोखरच अडकून राहतो आणि मग तो आयुष्यभर सुटत नाही. पैंजण, टोपी, घोडा, सगळे शोधून पाहिले. एकाचाही शेवट जुळला नाही. विहिरीतलं भूत म्हणजे भाडोत्री नाचणारी निघाली. न्यायाधीश निर्दोष सुटला. इतकी वर्षं मी ज्याला सिनेमा समजत होते तो कधी कोणी काढलेलाच नव्हता.

टॉकीज पाहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पवनारला गेले. काकूला आता नीट दिसत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं करायला ती तयार नाही. पण बोटं अजून चालतात. शेजारच्यांचा मळा आहे, त्यांची भाजी ते तिच्या अंगणात आणून टाकतात आणि ती दिवसभर जुड्या बांधते. मी गेले तेव्हा दोन वाजले होते. ती ओल्या पोत्यावर बसली होती, समोर सांबार. वास आला, आणि बसले तर भांडण राहून जाईल म्हणून मी मुद्दाम उभीच राहिले.

"कोण?"

"मी, काकू."

"बस ना वं. चपलेच्या आवाजावरून समजलंच होतं मले."

मी बसले. खरं तर भांडायचंच ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं, "काकू, एक पिक्चर सांगतो तुले."

तिचे हात थांबले. मी सवयीने सांबाराच्या ढिगाकडे हात नेला, तर तिने आवाजावरून ओळखलं. "ठेव ते. सांगनाराच्या हाताले सांबार लागत नाई."

मी सांगितलं. आगगाडी, काळा चष्मा, पुऱ्या, बोगदा. तिच्यासारखं नाही जमलं, पण सांगितलं. ती मान हलवत होती. बोगद्याशी थांबून मी विचारलं, "मंग काय झालं तिचं?"

"पेटी आली, पोरगी नाई आली." एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"आली," मी म्हटलं. "पोरगी आली. टेशनावर उतरली अन् चहा पेली."

काकूने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "एकटीच?"

"एकटीच."

"कपात का बशीत?"

"कपात. काकू, तू मले खोटं काऊन सांगतलं?"

तिने सांबाराची एक मूठ उचलली, बुडं जुळवली, पुन्हा खाली ठेवली. "मले का मालूम तिनं चहा पेला म्हणून? मी तं उठून गेलती."

"कुठं?"

"बसवर. अडीचची बस नाई का आपली? पिक्चर सुटे पावणेतीनले, तीनले. अडीचची चुकली का मंग पाचची. पाचच्या बसनं घरी आली असती तं तुह्या आजोबानं डाल्यासकट बाहेर नसतं का काढलं? बोगदा आला का मी उठो. पंख्यात म्हातारी पलंगावर बसे, तवा उठो. एकाचा बी शेवट नाई पाह्यला म्या. समाप्त असं लिहून येते म्हणते मोठ्ठं. ते बी नाई पाह्यलं."

निंबाच्या खाली शेवट सांगण्याआधी विहिरीत पाहत उभी राहणारी काकू माझ्या डोळ्यांसमोर आली. तो नखरा नव्हता. ती तिथे उभी राहून शेवट तयार करत होती. आणि आठवड्यामागून आठवडे, टॉकीजच्या अंधारातून, बरोब्बर जिथे कळायचं तिथून, रिकाम्या डाल्या काखेत घेऊन उन्हात धावणारी एक बाई मला दिसली. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर तिथेच विरघळलं असतं. मीही जरा विरघळले. पण मला हिरव्या पेटीची आठवण होती.

"ठीक हाये. शेवट मालूम नव्हता. तं जित्ती ठेवता आली असती तिले. अन् पिक्चर काळा-पांढरा होता, काकू. पेटी हिरवी कुठून आली?"

हे तिला अपेक्षित नसावं. तिने तोंड दुसरीकडे वळवलं, जिकडे काहीच नव्हतं.

"तू आयकून राह्यली होती ना," ती म्हणाली. "तुहं पत्र आलतं. पेटी दिसे मले येताजाता. दोन बाया शेजारच्या, त्याईले पिक्चर आयकला काय अन् नाई आयकला काय, सारखंच. तुही आई मेथी मेथी करे. तुह्या हातातून जुडी पडे, तेवढंच होतं मले त्या घरात. तू गेली असती तं मी कोणाले सांगतलं असतं?"

"मंग?"

"मंग का? सांगून देल्लं."

वाईट वाटतं असं ती म्हणाली नाही. मी वाट पाहिली. तिने वादी घेतली, जुडी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली. ज्या पदरापुढे मी आयुष्यभर कृतज्ञतेने वाकले तो पदर पाण्याने ओला झालेला होता आणि मला तो धरून ओढावासा वाटत होता. मी लहान असते तर ओढला असता.

पाचसहा जुड्या झाल्यावर तीच म्हणाली, अगदी हळू, जणू काही खायला मागतेय, "तुह्या मोबाइलात पंख्याचा बी असन नाई का?"

"हाये."

"पाह्यला तू?"

"पाह्यला."

ती पुढे झुकली. तिचे ते न दिसणारे डोळे बरोबर माझ्या तोंडाशी आले. "चार बार पाह्यला म्या तो. चारी बार उठून आली. कोनं मारलं वं त्याले? दिवाणजीच होता का दुसरा कोनी? म्हातारीले समजते का नाई?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात तिचा शेवट होता. इन्स्पेक्टर, भाषण, बेड्या. दोन वाक्यांचं काम. आणि तो सांगितला असता तर पुढचं तिसरं वाक्य मला सांगावंच लागलं असतं, की काकू, तुझा चांगला होता, त्यांचा काही खरा नाही. ते माझ्या तोंडून तिला मिळू नये, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं.

मी उठले. "माही बस हाये, काकू."

"बस तं साडेतीनले हाये. तीन बी नाई वाजले."

"हाव," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

तिने हाक मारली नाही. अंगणाच्या फाटकाशी मला शेजारची सून भेटली, नवीन लग्न होऊन आलेली, दोन्ही हातांत मेथीचा भारा. तिने मला वाट दिली. मी बाहेर पडले आणि तुराट्यांच्या कुंपणाला टेकून चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. पट्टा नीटच होता. लगेच निघवत नव्हतं, एवढंच.

आतून सुनेचा आवाज आला. "आत्याबाई, कोण होत्या?"

"माही पुतनी हाये," काकू म्हणाली. "नागपूरले नर्स होती. मोठ्या दवाखान्यात."

"असं का?"

"तं काय. लहानपनीच गेली. हिरवी पेटी घेऊन, एकटी, रेल्वेनं. टेशनावर उतरली अन् पयले चहा पेली. घाई नाई, गडबड नाई. अन् मंग, आयक..."

मेथीच्या जुड्या बांधल्याचा आवाज बंद झाला. तो आवाज बंद झाला म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. त्या पोरीचे हात हवेत थांबले होते.

मी आत जायला हवं होतं. खोटं बोलते ही बाई, हिचं ऐकू नको, असं त्या सुनेला सांगायला हवं होतं. मी गेले नाही. मी कुंपणाला टेकून उभी राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. मी दवाखान्यात रुजू झाले. पहिल्याच दिवशी माझ्या हाती एक पेशंट आला, ज्याचं तोंड पट्ट्यांनी झाकलेलं होतं आणि जो आपलं नाव सांगत नव्हता. वॉर्डात मी आणि तो दोघेच. काकूचा आवाज खाली खाली जात होता. मग ती थांबली. अंगणातल्या रांजणावर भांडं वाजल्याचं ऐकू आलं. ती पाणी पीत होती.

मी तिथे किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. सेलूकडून येणारी साडेतीनची बस फाट्यावरच्या वळणाला दिसली. त्यानंतरची साडेपाचला होती आणि घरी नवऱ्याच्या चहाची वेळ चारची. मी जरा थांबून पाहिलं, पण काकू अजून परत येऊन बसली नव्हती.

मी बसकडे धावले.